थंड टोक

उष्णयुग्म तापमान मोजते, असे आमच्या उद्योग खात्यातील वरिष्ठांचे ठाम मत आहे. ते चूक आहे, आणि त्या चुकीपायी एका कुंभाराची भट्टी गेली. दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून एक सांधा आगीत व दुसरा थंडाव्यात ठेवला, की त्यांतून अत्यल्प वीज वाहते. ती केवळ दोन टोकांमधला फरक सांगते. त्यापलीकडे तिला काहीही ठाऊक नसते.

१९३७च्या चैत्रात मी प्रकाशा येथे, तापीकाठी, भिकन कुंभाराच्या कौलांच्या भट्टीवर गेलो. भट्टी नऊशे अंशांपर्यंत तापते हे सिद्ध झाले नाही, तर खाते ती बंद करणार होते. माझ्या तारा क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या मिश्रधातूंच्या होत्या. त्या बाराशे अंशांपर्यंत भरवशाच्या असतात. लोखंडाची तार त्या आगीत टिकली नसती. उष्ण टोक तळहातात धरले, तेव्हा मापकाचा काटा मधल्या शून्यावरून उजवीकडे सरकला. जोडणी बरोबर होती.

थंड टोक बर्फात ठेवावे लागते. पण सोबत आणलेल्या बर्फाचे नंदुरबार स्टेशनातच पाणी झाले होते. म्हणून झोपडीच्या सावलीतले एक मडके उचलून मी त्यात नदीचे पाणी भरले. भिकनची बायको धनुबाई धावत आली.

"मास्तर, ते नका लेवा. कच्चं शे ते. मन्हा सुपडूनं शे."

सुपडू हा तिचा मुलगा. गेल्या वर्षी भट्टी निवण्याआधीच तो कौले काढायला आत शिरला होता.

"परत उना नही," ती म्हणाली. "आगमा गयेलना नावनं मडकं आम्ही कधी भाजत नही. त्याले गार ऱ्हाऊ देवा."

मी तिला विज्ञान समजावले. थंड टोक गारच राहील, असे आश्वासनही दिले. ती बाजूला झाली. माझ्यासारख्यांपुढे लोक होतात तशी.

उष्ण टोक भट्टीत खोचले, थंड टोक मडक्यात सोडले आणि भट्टी पेटली. विटांच्या फटींतून लाल उजेड दिसू लागला आणि काटा डावीकडे गेला.

भिकन हसला. "मास्तर, तुमना काटाले भट्टीनं भेव वाटस का? उलटा पळी ऱ्हायना!"

तारांची अदलाबदल केली असती, तर काटा मुकाट्याने उजवीकडे गेला असता आणि माझ्याहून आळशी विद्वान तेवढ्यावर समाधानी झाला असता. मी केली नाही. काट्याचे म्हणणे स्पष्ट होते: मडके भट्टीहून आठशे अंशांनी अधिक तापलेले आहे. मडक्यातला तापमापक एकतीस दाखवत होता. मी पाण्यात बोट बुडवले. पाणी गार होते.

भट्टीत दिवसभर लाकूड जळत राहिले. काटा हलला नाही.

भट्टी निवल्यावर दार फोडले. सगळे लाकूड राख झाले होते. भिकनने पहिले कौल उचलले. ते बोटांत चुरले. दुसरेही. सगळी कच्ची होती, जशी आत रचली होती तशी.

त्याने पुन्हा थट्टा केली नाही.

कच्चे मडके पाण्यात विरघळायला हवे होते. धनुबाईने त्यावर नख वाजवले. पक्क्या भाजलेल्या मातीचा आवाज आला.

"आते त्याले गार कोठे ठेवू, मास्तर?"

मी मडक्यातून थंड टोक बाहेर काढले.

मी घडले ते खात्याला कळवले. वरिष्ठ पोटभर हसले आणि मग एक सवलत दिली: उपकरण निर्दोष ठरले, तर भिकनला पुन्हा भट्टी लावता येईल. चाचणी सोपी होती. दोन्ही टोके एकाच बर्फात ठेवायची. फरक शून्य यायला हवा.

मी पुण्यात प्रयोगशाळेचे दार लावून दोन्ही टोके बर्फाच्या पात्रात सोडली.

काटा डावीकडे आठशेवर गेला.

मग उतरू लागला. अगदी सावकाश. सदतीसवर थांबला.

निरोगी माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब.

उपकरण सदोष ठरले. भिकनची भट्टी बंद झाली.

टोके मी अद्याप पात्रातून काढलेली नाहीत. बर्फ वितळू लागला, की काटा पुन्हा चढू लागतो.

मी बर्फ घालतो.