सप्लाय गेला

दिपेश, मोबाईल ठेव खाली. ऐकायचं तर नीट ऐका.

श्यामकांत आणि मी कॅम्प पाचच्या बाजारात एकाच गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. माणूस हुशार, पण गिऱ्हाइकाच्या वस्तूंवर हात मारायची खोड. गेल्या वर्षी, २९ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी त्याला बेलवलीहून विठाकाकूंचा फोन आला. त्यांचा मुलगा प्रमोद दोन वर्षांपूर्वी वारला, त्याचा पीसी तसाच पडून होता. आता लावला तर त्यात त्याचा एक व्हिडिओ सापडला. पण चार मिनिटं झाली की पीसी फट्‌दिशी बंद. शेवट काही बघायला मिळेना.

श्यामकांत त्या घरी पहिल्यांदाच गेला. त्यानं कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्यात धूळ गच्च. गरम होऊन बंद पडत होता, बस. ब्रश मारला की काम झालं. पण आतला पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, भारी होता, आणि याची नियत फिरली.

"काकू, सप्लाय गेला."

"नीट बघून सांगतोस ना रे? प्रमोदच्या वेळी डॉक्टर पण दारातूनच म्हणाले, गेला."

"बघितलं ना काकू. उद्या दुसरा आणतो."

मला सांगताना एवढं वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. लाज वाटत होती रे त्याला. आणि वाटायलाच हवी.

रात्री अकरा वीस. श्यामकांत गाळ्यात एकटाच. काकूंकडून काढून आणलेला सप्लाय तपासायला घेतला. हिरव्या नि काळ्या वायरीत तार अडकवली, तसा तो नुसताच चालू करता येतो. सप्लायचा पंखा फिरला. तार काढली. फिरतच राहिला. प्लग उपसला...

फिरतच.

"मग, काका?"

मग काय. सप्लाय स्कूटरवर पायाशी ठेवला आणि निघाला. बेलवलीपर्यंत पायाशी घरघर चालू होती. काकू जाग्याच होत्या.

"काकू, मी खोटं बोललो."

त्यांनी दिवा लावला. त्यानं धूळ काढली, सप्लाय बसवला, व्हिडिओ लावला. चार मिनिटं झाली. पाच... प्रमोद हसत हसत खोली दाखवत होता. कॅमेरा वळला.

टेबलाजवळ कुणीतरी बसलं होतं. समोर उघडं कॅबिनेट. हातात स्क्रूड्रायव्हर. मान खाली.

चौकड्यांचा शर्ट. श्यामकांतच्या अंगात होता... तोच.

काकूंनी विचारलं, "हा कोण रे?"

श्यामकांत स्वतःच्या शर्टाकडे बघत राहिला.

व्हिडिओवरची तारीख प्रमोद वारला त्याच्याही वर्षभर आधीची आहे. मी स्वतः बघितलीय.