आठ मीटरवरची आत्या

"ताई, तिथंच थांबा! पुढं येऊ नका!"

केतकी थांबली. औषधाच्या दुकानाच्या पाटीखालचा लाल दिवा लुकलुकायला लागला होता. दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर वाकून माशी हाकलावी तसा हात हलवत होता.

"डोकेदुखीची गोळी हवी होती," ती रस्त्याच्या कडेवरून म्हणाली.

"देतो की. झेला."

पाकीट तिच्या पायाशी पडलं. तिने ते उचललं. मिरजेच्या त्या गल्लीतून येणारे-जाणारे मान वळवून बघत होते, पण फार वेळ नाही. लाल दिवा आणि त्याच्यापासून लांब उभं केलेलं माणूस, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेलं होतं.

"राग मानू नका," दुकानदार म्हणाला. "घडणी नवीन घेतलीय. तिला घातलेला हारसुद्धा अजून वाळला नाही."

खरंच, काउंटरमागे मिक्सरहून थोडं मोठं यंत्र होतं आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. औषधं आता कारखान्यातून खोके भरून येत नसत. कच्चा माल यायचा, आणि ज्याचं जसं वय, जसं वजन, त्याला बेतून घडणी ते औषध जागच्या जागी तयार करायची. दुकानात घडणी, दवाखान्यात घडणी, आणि घरात कायमचा आजार असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावरही.

"पण आठच मीटर का हो?" दुकानदाराने विचारलं. "नवव्या मीटरला तुमच्या अंगावरचा कण काय सलाम ठोकून थांबतो?"

"मलाही माहीत नाही."

"आणि तुम्ही शास्त्रज्ञ!" तो हसला. मग उत्सुकता आवरेना म्हणून त्याने विचारलं, "करता काय नेमकं तुम्ही औषधाला?"

हे उत्तर तिला तोंडपाठ झालं होतं. "शेंगदाण्याचा लाडू आणि चिक्की. दाणे तेच, गूळ तोच. लाडू ओठांनी फुटतो, चिक्कीला दाढ लागते. निवांतीन नावाच्या औषधाचं तसंच आहे. रेणू तेच, पण एकमेकांना धरून बसायच्या त्यांच्या दोन तऱ्हा. पहिल्या रूपात ते सैल बसतात, म्हणून विरघळतात, रक्तात जातात. दुसऱ्या रूपात इतके घट्ट, की घेतलं काय नि न घेतलं काय. आणि दुसऱ्या रूपाचा एक कण पडला, डोळ्यांना न दिसणारा, तरी बाकीचे रेणू त्याचं बघून तसेच बसायला लागतात."

"विरजण."

"विरजणच. एकदा घरात शिरलं की कोऱ्या भांड्यात दूध घ्या, त्याचंही दही."

"आणि ते विरजण म्हणजे तुम्ही."

केतकीने गोळी पाण्याशिवायच गिळली आणि समोरच्या इमारतीकडे पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तोरण लावलं होतं. आतून बायकांचे आवाज येत होते, पण गाण्याचे नव्हते.

तिथे तिचा भाऊ राहत होता, प्रणव. त्याला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. जन्माच्या दुसऱ्याच दिवशी तिला आकडी आली आणि निवांतीनच्या थेंबांवर थांबली. बारसं दवाखान्यामुळे लांबलं, ते आज होतं. बारशाला कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या एकच. प्रणवची बायको गौतमी हिने तोड काढली होती: आत्याने खाली रस्त्यावर उभं राहायचं, फोन बाळाच्या कानाशी धरायचा. "फोनवरच सांगायचं, तर मी पुण्यातूनही सांगेन की," असं केतकी म्हणाली होती. "तू ये," प्रणव म्हणाला होता. "खाली तरी उभी राहा."

म्हणून ती खाली उभी होती. फोन वाजला.

"ताई." प्रणवचा आवाज दबका होता. "थेंब गढूळ आलेत."

"कधी?"

"पहाटे घडणीने दुपारचे भरले, तेव्हाच. गौतमीला वाटलं बाटली नीट धुतली नाही. आत्ता बघतो तर तळाशी सुया बसल्यात. कापसाच्या तंतूसारख्या."

पहाटे केतकी पुण्यातून निघालीसुद्धा नव्हती. म्हणजे आज तिच्यामुळे नव्हे. म्हणजे कधीतरी आधी. म्हणजे कुणामुळे? तिला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची पुढच्याच क्षणी शिसारी आली.

मांडून बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. तिची ही सवय होती. गेली दोन वर्षं ती हीच तीन वाक्यं मांडत होती.

*केतकीला रेणुदर्शकात दुसरं रूप दिसलं. केतकी कारखान्यांत गेली. कारखान्यांत पहिलं रूप बनेनासं झालं.*

सरकारने हा क्रम धरला आणि तिच्या फोनमध्ये 'बीजवाहक' ही खूण बसवली; दुकान-दवाखान्यातल्या घडणीच्या आठ मीटर आत ती आली की दारावरचा लाल दिवा लुकलुकायचा. पण तीच वाक्यं उलटी ठेवून पाहा.

*कारखान्यांत पहिलं रूप बनेनासं झालं. केतकी कारखान्यांत गेली. केतकीला रेणुदर्शकात दुसरं रूप दिसलं.*

आता ती गुन्हेगार नाही, तपास करणारी आहे. एकही शब्द बदललेला नाही. मग खरं कोणतं? तारखा कारखान्यांनी कधी दाखवल्या नाहीत. तिचे केस, नखं, थुंकी, सगळं तपासलं गेलं आणि काही सापडलं नाही. पण एका कणासाठी सगळं माणूस कोण गाळून बघणार? कधीकधी तिला वाटायचं, हे रूप जगात नव्हतंच. आपण इतकं टक लावून पाहिलं, म्हणून ते आलं.

"ताई, ऐकतेयस ना? दुपारचा डोस चुकवून चालत नाही."

"दवाखान्यात फोन केलास?"

"गाडी निघालीय. पण त्यांचं दुसरं औषध दिलं तर मागच्या वेळेसारखा श्वास अडकेल. डॉक्टर म्हणाले, जमत असेल तर आधी हेच पोटात घाला. कसं घालू?"

"वाटीत कढत पाणी घे. बाटली त्यात धर. हलवू नकोस. सुया गेल्या की सांग."

ती वाट बघत राहिली. दुकानदारही कान देऊन होता. त्याने गिऱ्हाईकाला हातानेच थांबवलं.

"गेल्या!" प्रणव ओरडला. "पाण्यासारखं झालंय. आता निवू देऊ ना? गरम आहे फार." मग थोड्या वेळाने बाटलीत ड्रॉपर बुडवल्याची किणकिण. "ताई... परत धुकं."

तिने डोळे मिटले आणि तिला ते दिसलं, तिने हजार वेळा पाहिलेलं. रेणुदर्शक रेणूंची छायाचित्रं काढत नसे, त्यांची हालचाल टिपत असे. उबदार द्रवात ते जत्रेतल्या माणसांसारखे एकमेकांना धक्के देत फिरतात, कुणी कुणाचं नसतं. मग ऊब ओसरते. दोघं जवळ येतात, सुटतात. पुन्हा येतात, सुटतात. त्यांना कसं बसायचं हे ठाऊक नसतं. तेवढ्यात आधीच बसलेला एखादा भेटतो.

"थेंब कशाने काढतोस?"

"तिच्या रोजच्या ड्रॉपरने."

"त्याच्या टोकाला सुया असतील. त्या घरातल्या प्रत्येक चमच्याला असतील. बाहेरचा ड्रॉपर हवा, न उघडलेला." ती दुकानदाराकडे वळली. "काचेचा ड्रॉपर आहे? पाकीटबंद?"

"आहे की." तो पाकीट घेऊन काउंटरच्या कडेला आला आणि तिथेच अडकला. "वर नेऊन द्यायला सांगू नका हं. त्या घरात पाऊल टाकलं तर मी परत या दुकानात कसा येणार?"

"नका येऊ. माझ्याकडे फेका."

"तुमच्या हातात? मग न उघडलेला राहिला काय नि..."

"वरून कागद आहे. कागद टाकून देऊ."

त्याने फेकला. या वेळी तिने झेलला.

ती रस्ता ओलांडून गेली. दोन वर्षांत ती कुणाच्या जिन्याची पायरी चढली नव्हती. आणि आज ती चढू शकत होती, ते केवळ वर जे व्हायला नको होतं ते होऊन गेलं म्हणून.

प्रणव अर्ध्या जिन्यात उभा होता. नवा सदरा, वर चढवलेल्या बाह्या, बोटं भाजून लाल झालेली. त्याने तिच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी पुण्याला आलो होतो ते गौतमीला ठाऊक नाही," तो पुटपुटला.

मागच्या महिन्यात तो न कळवता तिच्या दारात उभा राहिला होता. "तुझ्या हातची आमटी खाऊन किती दिवस झाले," असं म्हणत आत शिरला, दोनदा वाढून घेतली, आणि निघताना तिला घट्ट धरून लहानपणीसारखा रडला. तिने त्याला ढकललं नव्हतं.

"घरी जायच्या आधी डोक्यावरून आंघोळ केली होती मी," तो म्हणाला. "लॉजवर. दोनदा. कपडे टाकून दिले. मग कसं?"

*प्रणव केतकीला भेटला. प्रणवच्या घरातले थेंब गढूळ झाले.* या दोन वाक्यांना दुसरा क्रम नव्हता. पण एकामागून दुसरं आलं म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं तिने स्वतः कुठल्या विद्यार्थ्याला लिहू दिलं असतं का?

"चल," ती म्हणाली. "पाणी निवतंय."

दार उघडंच होतं. पाळणा सजवलेला, रिकामा. गौतमीची आई सोफ्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दोन शेजारणी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. गौतमी ओट्याशी होती. तिने केतकीला पाहिलं आणि तिचा हात नकळत घडणीवर गेला, आड धरल्यासारखा. मग तिच्या लक्षात आलं की आता आड धरण्यासारखं काही उरलं नाही. तिने हात काढून घेतला.

"या," ती म्हणाली. "आता काय."

"गौतमी, कागद तू फाड. टोकाला कुणी हात लावायचा नाही. प्रणव, बाटली."

सुया विरघळल्या. द्रव स्वच्छ झाला. गौतमीने ड्रॉपर बुडवला आणि काचेत ते नितळ औषध वर चढलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

"मुठीत धर. तुझ्या अंगाएवढी ऊब झाली की पुरे. त्याच्या खाली नको."

"आणि तोवर धुकं आलं तर?"

"येईल किंवा नाही येणार."

"ताई, हो की नाही ते सांगा!"

"मला माहीत नाही ग!" केतकी ओरडली, आणि शेजारणी दचकल्या. "मी पाहिलंय ते प्रयोगशाळेत. तिथे एवढी माणसं श्वास घेत नव्हती."

गौतमीची आई म्हणाली, "भांडण नंतर. आण इकडे."

काच गौतमीच्या मुठीत होती. केतकी दोन पावलं मागे सरकली, मग आणखी एक, पाठ भिंतीला लागेपर्यंत. मग गौतमीने मूठ उघडली, बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि तोंड उघडताच थेंब सोडले. एक. दुसरा. उरलेले सगळे.

"स्वच्छ होते," प्रणव म्हणाला. "मी पाहिलं. स्वच्छ होते ना ताई?"

शेवटच्या थेंबात तिला काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. ती सुई असेल. खिडकीतला उजेडही असेल.

"मला तसं दिसलं," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं.

गौतमीने ड्रॉपर ओट्यावर ठेवला. "कुठून आलं हे घरात?" तिने कुणालाच न विचारता विचारलं.

प्रणव बोटांकडे बघत राहिला. केतकीला वाटलं, आता तो बोलेल. "कुठूनही आलं असेल," तीच शेवटी म्हणाली. "वाऱ्याने. टपालाने. आपलं आपणही होतं कधीकधी. नाही कळायचं."

"म्हणजे दोष कुणाचाच नाही?"

"म्हणजे कळायचं नाही."

गौतमीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिला काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. तिने आईच्या मांडीवरून बाळाला उचललं आणि केतकीपुढे धरलं.

"गाडी येईपर्यंत आहे वेळ. आलाच आहात, तर फोन कशाला? नाव सांगा."

"गौतमी, माझा श्वास..."

"तो आता घरभर आहे. सांगा."

बाळ केतकीने अपेक्षिलं होतं त्याहून जड निघालं, आणि ऊन. शेजारणी भिंतीपासून सुटून जवळ आल्या. आत्या नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. प्रणवसुद्धा हसल्यासारखा दिसला. गौतमीचा हात वर गेला. केतकीने त्या इवल्या कानाशी ओठ नेले, "कुर्रर्र" म्हटलं, आणि नाव सांगितलं.

बाळाचे दोन्ही हात एकदम वर उडाले. बोटं फाकली. डोळे मोठे झाले आणि छताकडे लागले.

कानात आवाज झाला की तीन महिन्यांचं कुठलंही मूल असंच दचकतं. आकडीही अशीच सुरू होते.

गौतमीचा हात हवेतच राहिला. शेजारणींचेही. खाली गल्लीत दवाखान्याच्या गाडीचा भोंगा वळणावर आला होता.

"ताई," गौतमीने विचारलं, "ही नाव ऐकून दचकली ना?"