गाडी थांबल्यावरचे एक मिनिट

बालमित्रांनो, प्रवास संपून गाडी दाराशी उभी राहिली, म्हणजे माणूस काय करतो? इंजिन बंद करतो आणि उतरतो. परंतु साखरपा येथील केतकी लोहार हिची वैजूआत्या तसे करीत नसे. गाडी अंगणात थांबे, इंजिन मंद गतीने चालू राही, आणि आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पूर्ण एक मिनिट निश्चल बसे. मगच ती किल्ली फिरवी.

"तुझी आत्या देवाचं नाव घेते, की तिला डुलकी लागते?" असे शेजारचा अंगद विचारी.

केतकीने एकदा आत्यालाच विचारले. ती म्हणाली, "सांगीन की. तुला त्याची गरज पडेल त्या दिवशी."

तो दिवस इसवी सन २०५८च्या हिवाळ्यात उजाडला.

वैजूआत्याने कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षे लेथ (धातू कातण्याचे यंत्र) चालविला होता. आता ती भावाकडे राहून डोंगरउतारावरील वाड्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करीत असे. अवजारांची जड पेटी वाहून नेण्यास तिच्याजवळ एकोणचाळीस वर्षांची टर्बो गाडी होती. ती करंजाच्या तेलापासून केलेल्या इंधनावर चाले. अशा जुन्या गाड्यांना त्या काळी दरवर्षी परीक्षा द्यावी लागे. आंबा घाट ठरलेल्या वेळेत चढावयाचा आणि काळा धूर सोडावयाचा नाही. नापास झालेली गाडी वितळविण्याच्या भट्टीत जाई.

परीक्षा शुक्रवारी होती, आणि मंगळवारी घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडीचा दम गेला. एरवी चढावर बारीक शीळ घालणारे इंजिन फुसफुसू लागले व मागून काजळासारखा धूर निघू लागला. गाडी कशीबशी घरी आली. तरीही आत्या एक मिनिट बसलीच.

गावाच्या दुरुस्ती केंद्रातून शोधक नावाचा यंत्रमानव आला. त्याने चालू इंजिनावरून आपला प्रकाशमय डोळा फिरविला आणि नम्रपणे सांगितले, "आत्याबाई, टर्बोचार्जरचा दांडा झिजला आहे. या वयाच्या चारशे बारा गाड्यांच्या नोंदी माझ्याजवळ आहेत. पैकी चारशे नऊ गाड्यांत हाच दोष होता. तो भाग आता कोठेही बनत नाही. मला खेद वाटतो."

"खेद मागाहून कर बाबा. दांड्याला हात लावून बघितलास?"

"नाही. नोंदी पुरेशा आहेत."

"त्या चारशे बारा झाल्या. ही चारशे तेरावी आहे," आत्या म्हणाली.

केतकी गाडीजवळ गेली. गाडी गेली तर उतारावरच्या वाड्यांत अवजारे पोहोचणार कशी? "आत्या, टर्बोचार्जर म्हणजे नक्की काय गं?" तिने विचारले.

आत्याने अंगणातील मातीत काडीने एक दांडा काढला व त्याच्या दोन्ही टोकांना एकेक चाक काढले. "चूल फुलवायला आपण फुंकणीनं फुंकतो, ते का? जाळाला हवा लागते. इंजिनातल्या जाळालाही लागते. जितकी हवा जास्त, तितकं इंधन नीट जळतं आणि ताकद वाढते. आता बघ. इंजिनाचा तापलेला धूर बाहेर जाताना या चाकाला फिरवतो. हे टर्बाइन (वायूच्या झोताने फिरणारे चाक). त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हा कॉम्प्रेसर (हवा दाबणारे चाक). तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. म्हणजे वाया जाणारा धूरच फुंकणी फुंकतो."

फेकून द्यावयाच्या धुराकडून काम करून घेणाऱ्या त्या अज्ञात कारागिरांविषयी केतकीच्या मनात आदर दाटून आला.

"दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो," आत्या पुढे म्हणाली. "तो टेकतो कशावर, तर तेलाच्या पातळ थरावर. ते तेल इंजिनच खेळवत असतं. आता घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं, तर काय होईल?"

केतकीने क्षणभर विचार केला. "तेल थांबेल. पण चाक तर तापलेलंच असेल."

"मग अडकलेल्या तेलाचं काय होईल?"

"करपेल. कढईच्या बुडाला करपतं तसं." आणि एकाएकी तिला उलगडले. "म्हणून तू एक मिनिट बसतेस. ते तेल फिरून चाक निवावं म्हणून."

"एकोणचाळीस वर्षं. आधी तुझे आजोबा बसायचे, मग मी. आता इंजिन गार झालं की तूच हात लाव, आणि शोधकला सांग."

इंजिन निवल्यावर आत्याने कॉम्प्रेसरकडे बाहेरची हवा आणणारी नळी काढली. केतकीने आत बोटे घालून कॉम्प्रेसरचे टोक अलगद हलविले. बाजूला ते केसभर हलले. तेवढी जागा तेलासाठी सोडलेलीच असते. पुढे-मागे मात्र ते मुळीच हलले नाही. पाती भिंतीला कोठेही घासलेली नव्हती.

"दांडा उत्तम आहे," शोधक हळूच म्हणाला. "मग दोष कोठे आहे?"

"हवा दाबली जाते, पण इंजिनापर्यंत पोहोचत नसेल," केतकी म्हणाली. "वाटेत गळत असेल. सायकलच्या ट्यूबसारखी."

"मग पंक्चर काढतात तसंच काढू," आत्या म्हणाली.

त्यांनी कॉम्प्रेसरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीचे इंजिनाकडील टोक सोडवून लाकडी बुचाने बंद केले व वरून तिची लोखंडी पट्टी पुन्हा आवळली. दुसरे टोकही सोडवून त्यात भोक पाडलेले बूच ठोकले आणि त्या भोकात सायकलच्या पंपाची नळी घट्ट बसविली. केतकीने बेताबेताने हवा भरली आणि रबरावर साबणाचे पाणी फासले. इंजिनाकडील टोकाजवळ, पट्टीच्या अगदी कडेला, बुडबुड्यांची एक शुभ्र रांग उमलली.

शोधक वाकून पाहू लागला. "मी इंजिन मंद असताना पाहिले. तेव्हा हवेचा दाब कमी असतो, म्हणून ही चीर मिटलेली होती. चढावर दाब वाढला की ती उघडते."

"आणि हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळतं. तोच काळा धूर," केतकी म्हणाली.

आत्याने चिरलेले टोक दोन बोटांएवढे कापून टाकले. नळीला तेवढी ढील होती. ती पुन्हा चढवून केतकीने पट्टी आवळली.

शुक्रवारी परीक्षक नेवरेकर चालकाच्या जागी बसले. आत्या त्यांच्या शेजारी, केतकी आणि शोधक मागे. पहिले वळण आले. केतकीने कान टवकारले. आणि ती बारीक शीळ पुन्हा ऐकू आली, अधिकाधिक उंच होत गेली. मागे वळून पाहिले तर रस्ता स्वच्छ दिसत होता.

माथ्यावर पोहोचताच नेवरेकरांनी घड्याळ पाहून "पास" असे लिहिले व किल्लीकडे हात नेला.

"साहेब, एक मिनिट," केतकी म्हणाली.

"का गं? देवाचं काही आहे का?"

"नाही. तेल फिरतंय. चाक निवू दे."

नेवरेकर हसले, परंतु त्यांनी हात मागे घेतला. चौघेही शांत बसले. समोरून हायड्रोजनवर चालणारी बस गेली, तेव्हा आत्या हळू आवाजात म्हणाली, "तिच्याही पोटात हवा दाबणारं चाक आहे बघ. तू मोठी होशील तेव्हा तीही जुनी झालेली असेल."

"तेव्हा मी तिला हात लावून बघीन," केतकी म्हणाली.

शोधक आपल्या नोंदवहीत काही लिहीत होता. "चारशे तेरावी गाडी," तो पुटपुटला. "दांडा शाबूत. कारण, रोजचे एक मिनिट."

"झालं," आत्या म्हणाली.

केतकीने मागून हात लांब केला आणि किल्ली फिरविली.