पंधरावा चार्ट

बाजार उघडायच्या दहा मिनिटं आधी तो मागच्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसे आणि जगातल्या तमाम मूर्खांची कीव करे. माणसं कोणत्या वयात किती मरतात याचे तक्ते त्यानं विमा कंपनीत तीस वर्षं केले होते. निवृत्तीनंतर शेअर, पण तेही नियमानं. दहा वर्षं न चुकता लाभांश दिलेली कंपनी, तो लाभांश भावाच्या चार टक्क्यांहून जास्त आणि भाव दोनशे दिवसांच्या सरासरीखाली, की घ्यायची. लाभांश चुकला की विकायची. सॉफ्टवेअर चौदा कंपन्यांचे चार्ट काढी, नियम जुळला की टिंग वाजे, आणि तो मिनिटाच्या आत बटण दाबी. मागेपुढे बघणं हे त्याच्या मते हौशी लोकांचं काम.

आणि हौशी लोकांचा मुकुटमणी म्हणजे त्याचा मेहुणा. बायकोचा हा थोरला भाऊ दर बुधवारी अकराच्या ठोक्याला हजर व्हायचा. पिशवीत बहिणीसाठी काहीबाही असायचं. चार संत्री, लोकरीचा गुंडा, नाहीतर दुरुस्त करून आणलेली छत्री.

"जावईबापू, यंत्र काय म्हणतंय? एखादी टिप द्या की गरिबाला."

"टिप वेटरला देतात," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणे.

मेहुणा खो खो हसे. अपमान झालेलाही कळू नये, इतकं बावळट ध्यान!

एका सोमवारी यादीत पंधरावी ओळ दिसली. कंपनीचं नाव नाही, नुसता चार्ट. त्यानं सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला.

"काका, आम्हाला तुमच्या यादीत चौदाच कंपन्या दिसताहेत," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मग हा पंधरावा काय माझ्या आज्यानं काढला?"

"इथे खरंच दिसत नाहीये, काका."

बिनडोक, असं पुटपुटत त्यानं फोन ठेवला आणि ओळ पुसून टाकली. जेवून आला तर ती परत जागेवर.

चार्टची रेघ जवळजवळ सपाट होती. खाली लाभांशाचे हिरवे ठिपके मात्र मुंग्या लागाव्यात तसे दाट. असला लाभांश कोणती कंपनी देते? चुका काढायच्या उत्साहात त्यानं चार्ट मोठा केला. ठिपका दर आठवड्याला होता. दर बुधवारी, अकरा वाजता. पहिला त्याच्या लग्नानंतरच्या आठवड्यातला. मध्ये एकदाच चार आठवडे रिकामे, तीन वर्षांपूर्वी, मेहुण्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा.

तो मोठ्यानं हसला. योगायोग किती निघतात हे तक्ते करणाऱ्याला कुणी शिकवायला नको. पण बायकोला त्यानं हे सांगितलं नाही.

बुधवारी अकरा वाजून गेले. सव्वाअकराला बायको दारात आली.

"अहो, दादा कसा नाही आला अजून? फोनही उचलत नाहीये."

टिंग.

लाभांश चुकला. विका. ऑर्डर भरून तयार होती. संख्या, एक.

त्याचा हात बटणावर गेला आणि थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या थांबण्याचीच त्याला किळस आली. म्हणजे आता आपणही त्या बावळटासारखे मनाचे चोचले पुरवणार?

त्यानं बटण दाबलं.

खरेदीदार मिळाला. विक्री पूर्ण.

पाच मिनिटांनी दाराची बेल वाजली. बायकोनं दार उघडल्याचं त्याला ऐकू आलं.

"बस बंद पडली गं, चालत..." मेहुण्याचा आवाज मध्येच थबकला.

"कोण हवंय आपल्याला?" बायकोनं विचारलं. परक्याशी बोलतात तसं, अदबीनं.

तो बाहेर आला. मेहुणा कधी दारावरच्या नंबराकडे बघत होता, कधी हातातल्या पिशवीकडे.

"माफ करा हं. मजला चुकला वाटतं."

"अगं, काय थट्टा लावलीय दोघांनी? दादा आहे तुझा!"

"काहीतरीच काय! मी एकुलती एक."

मेहुणा कठडा धरून सावकाश खाली उतरला.

तो धावत खोलीत गेला. यादीत चौदा ओळी होत्या. बाजार बंद होईपर्यंत तो शोधत राहिला. टिंग वाजली नाही.

पुढच्या बुधवारी अकराला तो खिडकीशी उभा होता. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून एक बाई खाली वाकून हाका मारत होती, "दादा, वर ये ना रे!" आणि खाली मेहुणा पिशवी उंच धरून तिला दाखवत होता.

बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"बरंय बाई तिचं," ती म्हणाली.

मग कोपरावरच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवत राहिली. "लहानपणी मी विहिरीत पडले होते ना, हा तेव्हाचा. कुणीतरी उडी मारून वर काढलं होतं मला. कोण होतं, ते काही केल्या आठवत नाही."