पालथा पत्रा

कायदे कोरणारा म्हातारा स्पुरियस आपल्याच कामाखाली मरून पडला होता. डोकं मागून फुटलेलं, हातोडा शेजारी. कांस्याचा मोठा पत्रा भिंतीवरून सुटून त्याच्या अंगावर पालथा पडला होता; अक्षरं खाली, कोरी पाठ वर.

दाराबाहेर अर्धं रोम जमलं होतं. त्याचा परमुलखातला, एट्रुस्कन मदतनीस वेल्थुर याला बांधून लोक टार्पेईच्या कड्याकडे, गुन्हेगारांना खाली ढकलायच्या जागी, ओढत होते.

"थांबा!" लोकांची कोडी सोडवणारा माजी सैनिक नुमीसियस लंगडत आत शिरला. मागोमाग त्याचा मेव्हणा व्होपिस्कस.

"पत्र्याला कुणी हात लावलाय?"

"नाही, काका," स्पुरियसची मुलगी रुटिलिया म्हणाली. "मी झऱ्यावर गेले तेव्हा बाबा शेवटची ओळ संपवत होते. परतले तर हे असं. तेव्हापासून मी इथून हलले नाही."

झऱ्यावर ती सगळा वेळ आपल्यासोबतच होती, असं तिथल्या बायकांनी सांगितलं.

"तू कुठे होतास?" नुमीसियसने वेल्थुरला विचारलं.

"नदीवर, कोळसा आणायला. कुणी पाहिलं नाही मला."

"आमची अक्षरं वाचता येतात?"

"छे! मालक खडूने काढायचे. मी रेघ धरून छिन्नी चालवायचो."

"खरंय ते," रुटिलिया म्हणाली.

जुन्या घराण्यातला ओपिटर उंबऱ्याबाहेर उभा होता.

"आपण कधी आलात?"

"आत्ताच, ओरडा ऐकून. आत पाऊलही टाकलं नाही."

"कायदे लिहून चौकात लावायला आपला विरोध होता."

"होता. पिढ्यान्‌पिढ्या ते आमच्या तोंडी होते, काय अडलं होतं कुणाचं? पण मेलेल्याशी कसलं वैर? एका शब्दापायी पत्रा वाया घालवू नका, तेवढाच नव्याने कोरून घ्या. आणि या परक्याला द्या ढकलून!"

नुमीसियस पत्र्यापाशी गेला. "उचला पत्रा."

चौघांनी तो उलटला. शेवटची ओळ रुटिलियाने रडत वाचली, "न्यायाधीशाने समोरासमोर... ऐकावं." मधला 'दोघांचंही' हा शब्द खरवडून टाकलेला होता; त्याच्या पुसट खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

"रागाच्या भरात मारले असतील ओरखडे," व्होपिस्कस म्हणाला.

"रागाच्या भरात एवढा नेमका शब्द सापडतो? शेजारच्या अक्षराला धक्का नाही. वाचता न येणाऱ्याचं हे काम नव्हे. रुटिलियाला वाचता येतं, पण ती झऱ्यावर होती."

"मग?"

"ती गेली तेव्हा पत्रा भिंतीवर होता, परतली तेव्हा पालथा. मधे काय बिघडलं ते फक्त मारेकऱ्याने पाहिलं." नुमीसियस दाराकडे वळला. "आम्ही पत्रा उलटण्याआधीच, ओपिटर, एकच शब्द बिघडल्याचं आपण सांगितलंत. उंबऱ्याबाहेरून?"

ओपिटरचा चेहरा उतरला. "तो शब्द गाळ म्हटलं, तर म्हातारा ऐकेना," तो पुटपुटला. "उद्या आमचा गुराखीही आमच्यासमोर उभा राहून बोलला असता."

लोक खवळले. वेल्थुरची दोरी सोडून त्यांनी ओपिटरला पकडलं. "कड्यावर न्या!"

रुटिलिया आडवी आली.

"सोडा त्याला. आधी न्यायाधीशापुढे न्या. त्याचंही ऐकून घ्या."

"तुझ्या बापाला मारलंय त्याने, पोरी!"

"माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी चौकात दोघं समोरासमोर उभी राहिली. ती बोलली. मग न्यायाधीश ओपिटरकडे वळले, आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत सगळं रोम त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिलं.