टाचेमागची पावलं

“सर, यायले भूक लागते का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, अन् नगमानं खरंच विचारलं. भर संग्रहालयात. पेंढा भरलेल्या पक्ष्यांकडे बोट दाखवून!

नववीचा अख्खा वर्ग खिदळला.

ही खरी गोष्ट आहे. नगमा माझी मावसबहीण. ज्याला खोटं वाटेल त्यानं अकोटला येऊन तिलाच विचारावं. जुलै २०१५, दुबार पेरणीचे दिवस. शाळेची सहल अकोल्याच्या विद्यापीठात गेली होती. आधी पशुपक्ष्यांचं संग्रहालय, मग वनस्पती उद्यान.

“पोटात नुसता पेंढा हाय त्यायच्या,” माहिती सांगणारे शालिकराम सर हसले. “भूक कुठून लागन, बेटा?”

नगमा ऐटीत वळली. मैत्रीण सीमाला टाळी द्यायला तिनं हात उचलला...

टक.

काचेच्या आतून.

तिनं मागं पाहिलं. कपाटात लांडोर उभी होती. मान तिरकी. डोळे काचेचे.

“सीमे, आवाज आला का तुले?”

“नाटकं नको करू. जिंकली ना पैज!”

टक... टक...

नगमाचं हसू तिथंच जिरलं.

हा आवाज तिनं ऐकला होता. आठवड्यापूर्वी, त्यांच्याच वावरात.

पहिली पेरणी पावसाअभावी गेली. दुसऱ्या वेळचं सोयाबीन पाखरं उकरून खाऊ लागली. मग अब्बूनं ज्वारीला विषारी औषध लावून ती वावरात टाकायचं ठरवलं. “मी कालवतो, मले जमते!” म्हणत नगमानंच घमेलं ओढलं. हातमोजे घालून, गाणं गुणगुणत तिनं ती ज्वारी कालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लांडोर मरून पडलेली.

भोवती चार पिल्लं. ही पिल्लं आईच्या चोचीतून खातात. मेलेल्या आईच्या चोचीवर ती चोच मारत होती. टक... टक...

अब्बूनं लांडोर पुरली. पिल्लं बोरीच्या काट्यांत पळाली. त्यांचं पुढं काय झालं, नगमानं विचारलंच नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

संग्रहालयातून वर्ग उद्यानात गेला. ती सगळ्यात मागं राहिली.

एवढी झाडं... अन् एकही पाखरू बोलत नव्हतं.

साधी चिमणीही नाही.

नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्याच्या कडेनं ती चालत होती. मागं काहीतरी तुरुतुरु येत होतं. ती थांबली की तेही थांबे.

तिनं वळून पाहिलं.

ओल्या मातीत तिच्या चपलांचे ठसे. अन् त्यांच्यावर... इवलीइवली, तीन बोटांची पावलं. चार पिल्लांची.

आईची नव्हती.

ती पावलं नगमाच्या टाचेपाशी येऊन थांबली होती.

तिनं एक पाय पुढं टाकला. तिच्या डोळ्यांदेखत मातीत नवे ठसे उमटले. वर कुणीच नाही.

सलवारीला काहीतरी टोचलं. हळूच. मागितल्यासारखं.

बसमध्ये ती पाय सीटवर ओढून बसली, नजर खाली फळीवर. सीमानं कपाळाला हात लावून ताप पाहिला!

घरी पोचली तर अंगणात अब्बू ज्वारीचं घमेलं घेऊन बसलेले. बाजूला औषधाचा डबा, अजून न उघडलेला.

“ये बेटा. पाखरं फिरून आली. उद्या सकाळीच टाकू.”

“पोरगी आत्ता आली, तिले पाणी तर पिऊ द्या,” अम्मी ओरडली.

नगमानं डबा उचलला अन् पाठीमागं धरला.

“अब्बू, त्या लांडोरीले मी मारलं. मीच कालवली होती ज्वारी.”

“काहून मनाले लावून घेतं? पीक गेलं तर खाऊ काय आपण?”

टक... उंबऱ्याशी. अब्बूंना ऐकू आलं नाही. अम्मीलाही नाही.

“पीक जाऊ नाही देणार. सोयाबीन वर येईपर्यंत राखण मी करीन. पहाटे जाईन, अंधार पडल्यावर येईन. शाळा बुडाली तर बुडाली. पण औषध पुन्हा वावरात पडणार नाही.”

“एवढ्या वावरात एकटी?” अम्मी पुढं आली.

नगमानं मागं पाहिलं नाही.

“एकटी नाही, अम्मी. चौघं हायत मागं... त्यायले चारल्याशिवाय मीबी जेवणार नाही.”