भोरड्यांची हाळी

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण ह्यात एक शब्द पदरचा नाही. माझ्या थोरल्या चुलतीच्या, राहीबाईच्या बाबतीत हे घडलंय आणि ती बेलभंडारा उचलून सांगायची.

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. तिसगावच्या अलीकडं तिचं शेत. बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडून वाकली होती. पुढच्या साली पाऊस झाला आणि बाजरी अशी आली की उभा माणूस आत शिरला तर दिसायचा नाही.

आणि बाजरी दाण्यात आली की भोरड्या येणारच.

कुठून येतात देव जाणे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं. हजारांनी उतरतात आणि घटकाभरात निम्मी कणसं मोकळी करतात.

म्हणून राखण. वावरात चार मेढी रोवून वर माळा, माळ्यावर गोफण घेऊन माणूस. पाखरं उठवली की हाळी द्यायची, "होऽऽऽ". शेजारच्या माळ्यावरच्यानं लगेच उलट हाळी द्यायची, म्हणजे पाखरं त्याच्या रानात टेकत नाहीत. हाळी बिनउत्तराची ठेवायची नाही, हे अंगात भिनलेलं.

घट बसून चार दिवस झाले होते. नवरा बन्सी तिसगावच्या बाजाराला गेलेला. राही एकटी माळ्यावर. खाली मेढींना झोळी बांधून आठ महिन्यांची मुक्ता निजवलेली. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली पोर. राहीचा सगळा जीव त्या झोळीत.

दुपार कलली. थवा आला. राहीनं गोफण फिरवली.

तेवढ्यात पूर्वेकडून हाळी आली...

"होऽऽऽ..."

राहीची नजर पाखरांवर. तोंडातून आपोआप उत्तर गेलं.

मग तिच्या ध्यानात आलं.

पूर्वेला लंकाबाईचं वावर. लंकाबाई तर गेल्या उन्हाळ्यात वारली होती. दुष्काळात सरपण मिळेना, म्हणून तिच्याच माळ्याची लाकडं उपसून तिच्या चितेला लावली होती. वावर पडीक. तिथं आता नुसते चार खड्डे होते.

राहीनं मान वळवली. कुणी नव्हतं.

"होऽऽऽ..."

ती गप्प बसली. उत्तर दिलं नाही.

हाळी पुन्हा आली... बांधावरून.

पुन्हा आली... बांधाच्या अलीकडून. तिथली बाजरी हलत होती. वारा तर पार पडलेला.

राहीनं घाबरून उत्तर दिलं.

बाजरी हलायची थांबली.

उत्तर दिलं की ते थांबतं. नाही दिलं की जवळ येतं.

खाली मुक्ता रडायला लागली. दुधाची वेळ झाली होती. राहीनं शिडीवर पाय ठेवला... बाजरी हलली. तिनं उत्तर दिलं, तरी हलतच राहिली. पाय वर घेतला तेव्हा थांबली.

म्हणजे उतरायचंही नाही.

"लंकामावशी, माझं काय चुकलं ओ?" राहीनं हात जोडले. "लेकराला पाजू द्या. मग काय करायचं ते करा."

उत्तरादाखल नुसती हाळी.

भोरड्या कधीच्या गप्प झाल्या होत्या. उडाल्याही नव्हत्या. बांधावरच्या बाभळीवर बसून होत्या, हजार पाखरं, आणि एकीचाही आवाज नाही.

दिवस मावळायला कासराभर राहिला. पोरगी रडून रडून बसलेल्या आवाजात कण्हत होती. राही उत्तरं देत होती. शेवटी तिच्या तोंडातून नुसती वाफ निघाली.

"होऽऽऽ..." दहा हातांवरून.

राहीनं तोंड उघडलं. काहीच नाही.

बाजरी हलत हलत माळ्याखाली आली. पोरगी गप्प झाली. झोळीचा दोर करकरायला लागला...

कर्र... कर्र...

राहीनं फळ्यांच्या फटीतून पाहिलं. झोळी हलत होती. झोका देणारं कुणी नव्हतं.

मग हाळी आली. अगदी हळू. निजल्या लेकराला जाग येऊ नये इतकी हळू.

आणि त्या हाळीला उत्तर मिळालं...

बारीक आवाजात. झोळीतून.

दोर थांबला. सगळ्या भोरड्या एकदम उडाल्या.

दिवेलागणीला बन्सी आला, तेव्हा राही झोळी कवटाळून खाली बसली होती. मुक्ता पोट भरल्यासारखी गाढ झोपलेली.

"आज लई हाळ्या चालल्या हुत्या की," बन्सी म्हणाला. "लांबून दोघींचा आवाज येत हुता. दुसरी कोन गं?"

राहीला महिनाभर आवाज फुटला नाही. फुटल्यावर तिनं घरात सगळं सांगितलं आणि हे मुक्ताला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली. चुलती गेली, तरी आम्ही शपथ पाळली.

मुक्ताताई आता केडगावला राहते. गेल्या आश्विनात मी तिच्याकडं गेलो होतो. संध्याकाळी समोरच्या झाडांवर भोरड्या उतरल्या, नुसता कलकलाट. ताई चहा गाळत होती.

एकाएकी पाखरं गप्प झाली...

ताईनं गाळणं ठेवलं, खिडकीकडं तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "होऽऽऽ".

मला कसलीच हाक ऐकू आली नव्हती.

"कुणाला गं, ताई?"

"काय की. ल्हानपनापासनं हाय बघ. ही पाखरं आली की कुनीतरी हाळी देतं. वो दिली न्हाई तर जवळ येतं."

आणि तिनं माझ्यापुढं कप सरकवला.

यंदा तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय. तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि परवा केडगावात भोरड्या उतरल्याचं कळलं.

मी उद्या तिकडं जातोय. तिच्याऐवजी मी उत्तर दिलं तर चालेल का, हे मला माहीत नाही. मला तर ती हाळी ऐकूच येत नाही.